गोळ्याच्या वरची वीतभर दोरी

बाळ टिपणीस आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, अंबरनाथ पूर्वेला. रंगाच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेन्टेनन्सला होते. मशीन कुठलंही असो, उघडल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि मासा कुठलाही असो, खाल्ल्याशिवाय. रिटायर झाल्यावर हे दोन शौक एकत्र आले. त्यातून जे झालं ते त्यांनीच मला सांगितलं, एकदा नाही, तीन-चारदा, आणि दर वेळी स्वतःला थोडं अधिक दोषी धरून.

बारवी धरणाच्या पाण्याकाठी शिवराम भोईर राहतो. भाताची शेती, परवान्याची एक फायबरची होडी, आणि जाळं. टिपणीस काठावर गळ टाकून बसायचे, तिथे दोघांची ओळख झाली. काठाला बोटभर मासे लागायचे. एक दिवस शिवराम म्हणाला, "साहेब, मोठा शिवडा हितं नाय येत. थंडीत तो खाली बसतो, जुन्या नदीच्या पात्रात. तीस-पस्तीस फूट."

झालं. टिपणिसांच्या डोक्यात ते पस्तीस फूट बसले.

पुढचे दोन महिने आमच्या जिन्यात मासेमारीशिवाय दुसरा विषय नव्हता. चालत्या होडीमागे नकली मासा ओढत न्यायचा, हे ठरलं. लांब काठी की आखूड? आखूड घेतली, साडेसहा फुटी, जाड बुडाची, कारण सतत ओढ पडते तिथे लांब काठी नुसतीच वाकून राहते. रिळावर विणलेली दोरी, कारण ती ताणली जात नाही, खाली काय चाललंय ते हाताला कळतं. पण विणलेली दोरी माशाला दिसते, म्हणून तिच्या टोकाला दहा फूट काचेसारखी पारदर्शक तंगूस. तंगूस आणि दोरीच्या मधे फिरती कडी, नाहीतर नकली मासा स्वतःभोवती फिरून सगळ्याचा पीळ करतो. टोकाला नकली मासा म्हणून पितळी चमचा, आकाराने खराच चमचा, फक्त दांड्याऐवजी गळ.

आता हा हलका चमचा पस्तीस फुटांवर न्यायचा कसा? त्यासाठी चार किलोचा शिशाचा गोळा. गोळा होडीच्या मागच्या कडेवरून पोलादी तारेने खाली सोडायचा, आणि काठीची दोरी त्या तारेला एका चिमट्यात धरायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, गोळा तिथेच राहतो, माणूस काठीवर मासा खेळवतो. तार गुंडाळायला हाताने फिरवायचा रहाट टिपणिसांनी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये गोप मखीजाच्या वर्कशॉपमधून बनवून घेतला. दातेरी चाक, त्यात अडकणारी खिटी, आणि तारेवर दर पाच फुटांना लाल रंगाची खूण. मखीजा सत्तरीचा, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. त्याने सगळं बघून एकच विचारलं होतं, "साब, नीचे अटक गया तो?"

टिपणिसांनी ऐटीत उत्तर दिलं होतं. तार आणि गोळा यांच्या मधे वीतभर कच्ची दोरी बांधायची. गोळा खाली अडकला तर ती दोरी तुटते. गोळा जातो, होडी वाचते.

म्हणजे त्यांना माहीत होतं. हे ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. "माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती रे."

शिवरामच्या होडीला त्यांनी बॅटरीवरची छोटी मोटर लावली. पहिल्या तीन खेपांत तीन गोळे गेले. दर वेळी गोळा कशात तरी अडकायचा, वीतभर दोरी तटकन तुटायची. ते गोळे टिपणिसांनी घरच्या गच्चीत स्वतः ओतलेले, तिसऱ्याला तर माशासारखी शेपूट काढलेली. शिवराम हसायचा. "साहेब, शिवड्यांनी आता तुमच्या गोळ्यांचं दुकान टाकलं असंल खाली." एकदा तो असंही म्हणाला, की या बाजूला आमची आंब्याची झाडं हायत, जरा पलीकडनं घ्या होडी. टिपणीस तेव्हा खोलीचं गणित मांडत होते. ते म्हणाले, "शिवराम, तू मोटर सांभाळ. खोलीचं मी बघतो."

धरणाची उंची वाढली तेव्हा शिवरामची वरची वाडी पाण्यात गेली. सोळा आंबे, तसेच उभे. त्याने ते एकेक करून लहानाचे मोठे केलेले. कुठला कुठे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. विचारलं असतं तर.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी टिपणिसांनी कच्ची दोरी काढून टाकली आणि तिथे पोलादी कडी लावली. गोळा जाता कामा नये. इतकंच होतं डोक्यात. शिवरामला सांगितलं नाही.

डिसेंबरातली सकाळ. मागून वारा होता, पाण्यावर बारीक लाटा. होडी अगदी हळू, म्हातारा माणूस देवळाला प्रदक्षिणा घालतो तेवढ्या वेगाने चाललेली. टिपणीस पुढच्या फळीवर, आज मोटरचं बटणही त्यांच्याजवळ. शिवराम मागे, रहाटाशी. अचानक चिमट्यातून दोरी सुटली, काठी सरळ झाली आणि मग वाकली.

"लागला!" टिपणीस ओरडले. "मोठा आहे, शिवराम, मोठा आहे!"

मासा नव्हता. गोळा आंब्याच्या डोक्यात अडकला होता आणि चमचाही त्याच फांद्यांत. मोटर पुढे ओढत होती, तार मागे. होडीची मागची कड खाली गेली आणि पहिली लाट सरळ आत आली. शिवरामला लगेच कळलं. "मोटर बंद करा, साहेब!" टिपणिसांच्या हातात काठी होती. त्यांनी काठी सोडली नाही. पाच सेकंद, सहा सेकंद. ते सेकंद त्यांनी इतक्यांदा मोजलेत की आता त्यांना स्वतःलाच आकडा नक्की सांगता येत नाही.

तेवढ्यात शिवराम खिटी सोडवायला गेला. तारेवर इतका ताण असताना खिटी दात सोडत नाही. म्हणून त्याने तार हाताला एक वेढा घेऊन ओढली, जरा ढील मिळावी म्हणून. दुसऱ्या लाटेने होडी वर उचलली. तार ताठ झाली.

मग टिपणिसांनी मोटर बंद केली. पेटीतून कटर काढून तार तोडली. त्यासाठी पेटीवर ठेवलेला डबा पाण्यात भिरकावला, हे त्यांना आठवतं. शिवराम ओरडलाही नाही. डाव्या हाताने उजवा हात धरून होडीत साचलेल्या पाण्यात बसून राहिला, आणि पाणी लाल झालं.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला बदलापूरला नेलं. उजव्या हाताची पहिली दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

बायको अंजनी धावत आली. शिवराम शुद्धीत होता. तिने काही विचारायच्या आधीच म्हणाला, "माझीच चूक. मी येड्यासारखी तार धरली." अंजनी टिपणिसांकडे वळली, हात जोडले. "बरं झालं साहेब, तुम्ही संगं व्हतात. एकला असता तर गेलाच असता."

टिपणिसांनी नुसती मान हलवली.

शिवरामची मुलगी तेजस्वी बदलापूरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. ती ड्युटीवरून तशीच आली, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. तिला हे सगळं सामान माहीत होतं. टिपणिसांनीच कधीतरी अंगणात बसून कौतुकाने दाखवलेलं. कॉरिडॉरमध्ये तिने विचारलं, "काका, ती मधली दोरी तुटते ना? मग तुटली का नाही?"

टिपणीस मला म्हणाले, "उत्तर एका वाक्याचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं." पण बाहेर आलं ते दुसरंच. "खिटी अडकली गं. त्या मखीजाने दाते नीट घासले नव्हते."

घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, सुनेत्राकाकूंनी, जेवायला वाढलं. बांगड्याचं कालवण होतं. टिपणिसांनी ताट बाजूला सारलं. काकूंना वाटलं, धक्का बसलाय. त्या दिवसापासून त्यांनी मासा खाल्ला नाही, आणि काकूंनी कारण विचारलं की म्हणायचे, पोट ठीक नाही. हॉस्पिटलात रोज जायचे. शिवराम डाव्या हाताने चहा प्यायचा आणि इकडचं तिकडचं बोलायचा, आणि तो जितका हसरा, तितका टिपणिसांना तिथे बसवेना. अंजनी शेजारणींना सांगायची, साहेब किती करतात.

नवव्या दिवशी मखीजाचा फोन आला.

"टिपणीस साब, भोईरची मुलगी आली होती माझ्याकडे. लई भडकली. बोलली, तुझ्या मशीनने माझ्या बापाची बोटं खाल्ली. सगळ्या गिऱ्हाईकांसमोर. व्हिडिओ पण काढला. आता सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय."

"तुम्ही काय बोललात?"

"कुछ नहीं बोला, साईं. ती पोलादी कडी माझ्याच दुकानातून नेली होती ना तुम्ही. मी पूछा था, डोरी का क्या हुआ. तुम्ही बोलला, अब नहीं चाहिए. मी सोचा, उस लडकी को बोलने से पहले तुम्हाला विचारू. शायद तुमने खुद बता दिया हो."

टिपणिसांनी फोन ठेवला आणि सुनेत्राकाकूंना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. काकू ऐकून घेत भाजी निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही अजून इथे का बसलाय?"

शिवरामला तोवर घरी सोडलं होतं. टिपणीस बदलापूरहून रिक्षा करून गेले. तो ओटीवर बसला होता, हात पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला. अंजनी तांदूळ पाखडत होती. तेजस्वीला सुट्टी होती. टिपणीस बसले नाहीत. उभ्यानेच बोलले, दोरी काढल्याचं, कडी लावल्याचं, काठी न सोडल्याचं, आणि मखीजावर ढकलल्याचं.

अंजनीच्या हातातलं सूप थांबलं होतं.

मग शिवराम म्हणाला, "कडी मी पाह्यली व्हती साहेब. सकाळीच. होडीत सामान चढवताना."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? झाडांचं बोललो तवा तुमी म्हनालात, तू मोटर सांभाळ." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, साहेब कारखान्यातलं मानूस, काय तरी नवं केलं असंल. मीच आडाणी."

टिपणीस सांगतात, की हॉस्पिटलात सहन झालं, मखीजाचा फोन सहन झाला, पण ते 'मीच आडाणी' सहन झालं नाही. ते ओटीच्या पायरीवर खाली बसले.

अंजनी उठली. सूप भिंतीला टेकवलं. "मी तुमच्यापुढं हात जोडले," ती म्हणाली. "त्या दिशी. आठवतं? तुमी जोडून घेतलेत."

"हो."

"मानूस चुकतो. हाताचं मी समजून घेन. पन माझे जोडलेले हात तुमी घेतलेत, ते मला नाय समजत." आणि ती आत गेली. तिने चहा केला, पण तो तेजस्वीच्या हातून बाहेर आला.

तेजस्वीने मोबाईल काढला आणि त्यांच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. पण ज्यांच्याकडे पोचायचा त्यांच्याकडे पोचला होताच. "काका," ती म्हणाली, "मी त्या म्हाताऱ्याला काय काय बोललेय, तुम्हाला माहीत नाही. उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी दोघं कॅम्प चारला गेले. वर्कशॉपमध्ये नेहमीची तीन-चार गिऱ्हाइकं होती. तेजस्वीने माफी मागितली. टिपणिसांनी मोबाईल तिच्याच हातात दिला आणि म्हणाले, व्हिडिओ काढ. कॅमेऱ्यासमोर नाव सांगून ते बोलले, की रहाट चांगला होता, दाते नीट होते, बिघाड माझ्या डोक्यात होता. मखीजा सगळा वेळ हातातलं चाक पुसत राहिला. नंतर म्हणाला, "साब, चाय मँगाऊँ? लेकिन एक बात. ये बोलायला इतके दिवस का लागले?"

त्या दुसऱ्या व्हिडिओला पहिल्याच्या निम्मेसुद्धा लोक मिळाले नाहीत. मखीजाकडची दोन नेहमीची गिऱ्हाइकं परत आली नाहीत.

शिवरामची जखम भरली, पण जाळं विणणं गेलं. सुतळीची गाठ मारताना पहिलं बोट लागतं, ते नाही. टिपणीस दर आठवड्याला जाऊन जाळी दुरुस्त करून द्यायला लागले. सुरुवातीला गाठी ढिल्या पडायच्या. शिवराम बाजूला बसून सांगायचा, असं नाय, आतून घ्या, आता ओढा. चौतीस वर्षं कारखान्यात लोकांना शिकवलेला माणूस आता मान खाली घालून शिकत होता. शिवराम गप्पा मारायचा. अंजनी समोरून जायची, यायची. बोलायची नाही.

जुलैत लावणीला माणसं कमी पडली. टिपणीस न बोलावता गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, त्रेसष्ट वर्षांचे, चष्म्यावर पाणी. रोपांच्या जुड्या उचलून बाईमाणसांपर्यंत पोचवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. दोनदा घसरले. बायका हसल्या. अंजनी हसली नाही. ती वाकून लावत होती, तशीच पाठीमागे हात करून जुडी घेत होती, कोण देतंय ते न बघता.

दुपारी टिपणीस बांधावरून येताना तिसऱ्यांदा घसरले आणि अख्खे चिखलात बसले. अंजनीने मान वर केली.

"पाय आडवा टाका," ती म्हणाली. "टाच आधी नको."

आणि पुन्हा वाकून कामाला लागली. टिपणीस उठले, जुड्या गोळा केल्या, आणि पाय आडवा टाकत चालायला लागले.