टावराकडं तोंड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अँटेना फिरवणं. मी माळवदावर, बायको खाली टीव्हीसमोर. म्हैसमाळच्या डोंगरावर टीव्हीचा टावर उभा राहिला तवापासनं आमच्या गावात ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी हे काम. एकट्यानं होत नाय. वरच्याला चित्र दिसत नाय, खालच्याचा हात अँटेनाच्या बांबूला पोचत नाय.

काम सारखं निघायचं, कारण माकडं. सकाळी डोंगरातनं उतरायची आन अँटेनाला लोंबकळायची.

त्या संध्याकाळी मी बांबू धरून वरनं विचारलं, "आलं का?"

"आलं. पर एकाची दोन माणसं दिसायलीत."

"डोळे दाखव डाक्तरला."

"डोळे चांगले हायेत. तुमीच किल्ल्याकडं फिरवायलात. तिकडं सासरवाडी हाय तुमची, टावर नाय."

तिचं माहेर दौलताबादचं. हे ती दरवेळी म्हणायची आन स्वतःच हसायची. मी बांबू टावराकडं फिरवला.

"हां! आता हात लावू नका. अवं, सोडा की तो बांबू!"

सोडला. चित्र लख्ख आलं होतं. बातम्या बघितल्या, जेवलो, झोपलो.

रोज ती माझ्या आधी उठायची. दुसऱ्या दिवशी मी आधी उठलो. हाक मारली, उठली नाय. हात लावला, अंग गार होतं.

भावकी गोळा झाली. तिरडीला दोन बांबू लागतात, गावात एकच निघाला. दुसरा शहरातल्या छावणीच्या बाजारातनं आणायचा तर लई वेळ जाणार. पुतण्यानं माळवदाकडं बघितलं.

"काका, वर हाय की एक. चांगला लांब हाय."

"त्याला हात लावायचा नाय."

"का?"

"तुझ्या काकूनं सांगितलंय."

सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. अँटेना नीट लागला होता, आन खाली बसून सांगणारं आता कुणी नव्हतं. हलला असता तर परत लागला नसता.

पुतण्या मोटरसायकल काढून छावणीला गेला. बायका तिच्या आंघोळीचं पाणी तापवाय लागल्या, मला म्हणाल्या, बाहेर बसा. माकडं यायची वेळ झाली होती. मी काठी घेतली आन माळवदावर जाऊन बसलो.