खिळ्याला टांगलेला बॅज

अप्पांच्या बॅजचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी यायचा, आणि तो चांगला आला की आमच्या घरी गोड व्हायचं. हसू नका. आम्ही तंजावूरचे मराठी. राज्य जाऊन कैक पिढ्या झाल्या, तेव्हापासून सरकारी नोकरी हाच आमचा मुलूख, आणि साहेबानं बोट दाखवलं नाही म्हणजे देव पावला. अप्पा सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचे. छातीवर लावायचा तो बॅज म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीतला फिल्मचा तुकडा. अंगावर जितकी किरणं पडतील तितकी ती फिल्म काळी होते. ती तपासायला जायची, नवी यायची, आणि मागाहून जुनीचा आकडा यायचा. अप्पांचा आकडा जवळजवळ शून्य. माझे गणितातले मार्क त्यांनी कधी कुणाला सांगितले नाहीत, पण हे शून्य ते राजवाड्यापासून बसस्टँडपर्यंत सांगत सुटायचे.

ते शून्य कसं यायचं हे मला ठाऊक होतं. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे. आत अंधार करून, रोग्याला बेरियमचं पांढरं औषध पाजून, पडद्यावर पोट बघायचं काम चालायचं, आणि अप्पा तासन्‌तास मशीनशेजारी उभे. बॅज मात्र बाहेर, दाराशेजारच्या खिळ्याला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आत नेला की खराब होतो गं."

खरं कारण पुढे आईकडून कळलं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा आकडा वाढून आला होता. तेव्हाच्या साहेबानं अप्पांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, बॅज काळा कसा केलास? जशी काही अप्पांनी इस्पितळाची गादी जाळली होती. मशीन तपासा असं कुणी म्हटलं नाही. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनला चिरा गेल्या होत्या, तिकडे कुणी पाहिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून अप्पा बॅजला जपू लागले, आणि पुढे हाताखालच्या पोरांनाही त्यांनी तेच शिकवलं.

ते निवृत्त झाले तेव्हा गावाला नवा वारा लागला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ, घरोघर केबल, आणि काचेच्या दारांची गारेगार स्कॅन सेंटरं. त्यातल्या एकानं अप्पांना संध्याकाळच्या कामाला बोलावलंही होतं. जायच्या आधीच हिरड्यांतून रक्त यायला लागलं, जिना चढवेना. मद्रासला नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, एक्स-रेच्या कामामुळे का? ते म्हणाले, असेलही, नसेलही, एका माणसावरून सांगता येत नाही, त्याला पुष्कळ माणसं मोजावी लागतात.

आणि एके दिवशी मोजणारीच आमच्या दारात आली. पुण्याकडची तरुण डॉक्टर. एक्स-रेवाल्यांवर जितकी जास्त किरणं पडतात तितका त्यांना कॅन्सर जास्त होतो का, हे तिच्या मंडळींना शोधायचं होतं. त्यासाठी ती गावोगाव फिरून बॅजचे जुने आकडे आणि माणसांचे आजार ताडून पाहत होती. मला तर देव भेटल्यासारखं झालं. घरात मराठी ऐकून ती हरखली. म्हणाली, "काका, तुमचं मराठी किती जुनं आणि गोड आहे." अप्पा खुलले. आईनं कॉफी दिली. मी मनात म्हटलं, बाई गं, आमचा गोडवा नंतर मोज, आधी विचारायचं ते विचार.

तिनं विचारलं, "काका, काम करताना बॅज अंगावर असायचा ना?"

"कायम," अप्पा म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चाळिशीला आलेली, कॉलेजात पोरींना गणित शिकवणारी मी मुकाट्यानं कपबशा उचलायला लागले.

ती निघाली तशी मी तिच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि खिळ्याचं सगळं सांगितलं. ती ऑटोत बसता बसता थांबली. मी तिला खोटी वाटले नसणार. पण म्हणाली, "ताई, बॅज शून्य सांगतो, काकाही तेच सांगतात. तुमच्या शब्दावर मी आकडा कसा फिरवू? ते कमी किरणांच्या गटात जातील."

"म्हणजे किरणं न लागताच ज्यांना कॅन्सर झाला, त्यांच्यात?"

"हो."

"वा. म्हणजे जास्त किरणांच्या गटात कॅन्सरवाला एक कमी आणि कमी किरणांच्या गटात एक जास्त. माझा बाप किरणांनी मरणार, आणि तुमच्या कागदावर किरणांच्याच बाजूनं साक्ष देणार."

तिनं मान खाली घातली. उद्या सकाळी पुढच्या गावाला, पापनाशमला, जायच्या आधी येते म्हणाली. काकांनी स्वतः सांगितलं तर त्यांचा आकडा भरवशाचा नाही असं तिला लिहिता येणार होतं.

मी घरी आले ती पेटूनच. अप्पांना म्हटलं, "आता कुणाची भीती आहे तुम्हाला? नोकरी संपली, तो साहेबही मेला. खरं सांगून टाका. तुमच्या हाताखालची पोरं आजही बॅज बाहेर लावून आत जातात. त्यांच्यासाठी तरी सांगा."

अप्पा म्हणाले, "तू गणित शिकवतेस ना, मग हे सोडव. बॅज घालत होतो म्हटलं, तर आकडा शून्य, म्हणजे किरणांनी काही झालंच नाही. काढून ठेवत होतो म्हटलं, तर मी नियम मोडला, म्हणजे जे झालं ते माझ्या चुकीनं. इस्पितळ दोन्हीकडून सुटतं. मग मरताना चूक तरी कशाला अंगावर घेऊ?"

वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभी राहिले, पण त्यांच्या हिशोबात मला चूक सापडली नाही. त्यांचा इतका राग आला होता की आईला म्हटलं, ह्यांना आज तूच भरव.

सकाळी ती डॉक्टर पोर येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. अप्पांनी मला हाक मारली, उठवून बसवायला सांगितलं, धुतलेला शर्ट मागितला. त्यांच्या बोटांत बळ नव्हतं, म्हणून मी वाकून बटणं लावायला लागले.

"लिही बाळ," माझ्या डोक्यावरून ते तिला म्हणाले, "कायम घालत होतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शेवटचं बटण लावलं आणि तिला म्हटलं, "लिहा."