पायडलवरचा पाय

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. कुसुमला, माझ्या बायकोलाही नाही — आणि मी तिच्यापासून काही लपवत नाही अशी आमच्या घरात ठाम समजूत आहे. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मी भलतंच काहीतरी बोलतो. मुलांचे अभ्यास, धाकटीचा खोकला. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत माझं नाव चांगलं आहे. फारच चांगलं आहे, आणि तीच खरी अडचण आहे.

लोक म्हणतात, मेहुण्याला सांभाळावं तर यांनी. हात गेलेल्या माणसाला कोण एवढी वर्षं कामावर ठेवतं? लग्नकार्यात मला पुढच्या रांगेत बसवतात. मीही बसतो.

पण सुरुवातीपासून सांगतो. म्हणजे शेवट सांगायचा धीर होईल — किंवा होणार नाही, बघू.

मी पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत सुपरवायझर होतो. प्रेस शॉपला, म्हणजे जिथे यंत्राच्या ठोक्याने पत्रा कापतात, वाकवतात, त्या विभागात. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. कंपनीची बस, कँटीनचं जेवण, दिवाळीला बोनस. चिखलीच्या माझ्या सासुरवाडीत जावयाचं कौतुक मोठं होतं. आणि तरी मला ते सगळं टोचायचं. साहेब माझ्याहून लहान, दोन बुकं जास्त शिकलेला, आणि मला सगळ्यांसमोर 'अहो, तुम्ही' म्हणून बोलवायचा. नाव घ्यायचा नाही. किती क्षुल्लक गोष्ट! पण माणूस नोकरी कशासाठी सोडतो, याची खरी कारणं अशीच असतात. स्वतःच्या पायावर उभं राहायचं वगैरे आपण नंतर सांगतो.

भोसरीला एक पत्र्याची शेड मिळाली. कंपन्या छोटी कामं बाहेर द्यायला लागल्या होत्या, आमच्या कंपनीनेही मला एक काम द्यायचं कबूल केलं — ब्रॅकेटचं, पहिली ऑर्डर, ठरल्या दिवशी माल पोचला तर पुढचं काम. राजीनामा द्यायला गेलो तेव्हा साहेब हसून म्हणाला, "वर्षाच्या आत परत याल. जागा ठेवू का?" चार लोक होते तिथे. तेही हसले.

ते हसणं मी बरोबर घेऊन बाहेर पडलो. पुढचं सगळं त्या हसण्यापायी झालं, असं म्हणू का? नको. साहेबाने फक्त थट्टा केली होती. बाकी सगळं मी केलं.

सदा माझा मेहुणा, कुसुमचा धाकटा भाऊ. त्याच कंपनीत, माझ्याच हाताखाली प्रेसवर होता. नुकताच पर्मनंट झाला होता. त्या काळी पर्मनंट होणं म्हणजे काय, हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला सांगायला नको. मुलगी द्यायला लोक घरी चालत यायचे. सदालाही तशीच बायको मिळाली होती आणि पाळणा हलला होता. मला माणूस हवा होता — विश्वासाचा, घरचा, पहिले काही महिने पगाराला मागेपुढे झालं तरी न बोलणारा. मी त्याला म्हणालो, ये माझ्याकडे. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "आरं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कुठं लागतोस?" सदा एवढंच म्हणाला, "दाजी म्हनत्यात न्हवं, मग झालं."

झालं. एका वाक्यात त्याने नोकरी सोडली. मला सोडायला तीन वर्षं लागली होती.

प्रेस जुनी घेतली होती. नवी परवडणार कुठून? ती कशी चालते ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. खाली पायाशी एक पायडल असतं. हाताने पत्रा आत ठेवायचा, हात काढायचा, पायडल दाबायचं — वरून ठोका पडतो. लगेच पाय उचलायचा. पाय उचलला की पुढचा ठोका पडत नाही, आणि तेवढ्यात तयार झालेला माल काढून नवा पत्रा आत ठेवायचा. हात आणि पाय, दोघांचं आळीपाळीने चालतं. सदाचं ते इतकं सुरेख चालायचं की बघत राहावं. कामावर असताना तो गुणगुणायचा, आणि त्याचा पाय त्या गुणगुणण्यावर उठायचा.

पण जुन्या प्रेसला एक खोड लागते. आत क्लचची एक चावी असते, लोखंडाचा बोटभर तुकडा. ती झिजली की मशीन कधीतरी पाय उचलल्यावरही ठोका मारतं. न मागता. आम्ही त्याला डबल ठोका म्हणायचो. कंपनीत असं झालं तर नियम एकच — मशीन बंद, लाल पाटी, कुणी जवळ जायचं नाही. तो नियम मी स्वतः किती वेळा पाळला होता. एकदा तर साहेबाशी भांडून मशीन बंद ठेवलं होतं, आणि घरी येऊन कुसुमला ती मर्दुमकी रंगवून सांगितली होती. दुसऱ्याचं मशीन बंद करायला काय लागतं?

माल पोचवायच्या आदल्या दिवशीची सकाळ. सदा यायचा होता. मी एकटाच मशीन लावत होतो. एक पत्रा ठेवला, पायडल दाबलं, पाय उचलला. ठोका पडला. मशीन थांबलं.

आणि मग आणखी एक ठोका पडला.

माझा हात आत नव्हता. मी मशीनकडे बघत उभा राहिलो. पुन्हा दाबून पाहिलं — बरोबर. पुन्हा — बरोबर. बराच वेळ दाबत राहिलो, एकदाही चुकलं नाही. मला काय कळलं नाही असं समजू नका. सगळं कळलं. मशीन उघडायचं, चावी काढायची, नवी घडवून बसवायची — माझ्या हिशेबाने दोन दिवस तरी मोडणार. उद्या माल नाही. आणि साहेब विचारणार, जागा ठेवू का?

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. सदा आत आला, चपला काढल्या, मशीनला हात लावून तो हात कपाळाला लावला — रोजच्यासारखा — आणि स्टुलावर बसला. मी तेव्हा बोलू शकलो असतो. "आज जरा जपून" एवढं तरी? तेवढंही बोललो नाही. जपून कर म्हटलं तर का म्हणून विचारील, अशी भीती वाटली.

दुपारपर्यंत काही झालं नाही. मला तर बरं वाटायला लागलं होतं. डब्याच्या वेळी आम्ही कुसुमने दिलेली भाकरी खाल्ली, वांग्याची भाजी होती. सदाने माझ्या डब्यातला ठेचा पळवला. हसला. जेवण झाल्यावर तो परत बसला, आणि मी बाजूला उभा राहून माल भरत होतो.

मग ते झालं.

उजव्या हाताची तीन बोटं. जास्त सांगत नाही. सदा ओरडलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मीच सांगणार आहे काय झालं ते. शेजारच्या शेडमधल्या माणसांनी टेम्पो आणला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत मी त्याला धरून बसलो. माझ्या धोतरात त्याचा हात गुंडाळलेला — हो, नव्या धंद्याचा मालक म्हणून त्या दिवसांत मी धोतर नेसायला लागलो होतो, काय ती हौस! — आणि दापोडीचा पूल ओलांडताना तो म्हणाला, "दाजी, मी पाय उचलला व्हता की. मग ठोका कसा पडला?"

प्रश्न त्याने विचारला. मला. उत्तर माझ्याजवळ होतं. त्याच्या इतक्या जवळ बसलो होतो मी.

मी म्हणालो, "नाही सदा. तुझा पाय पायडलवरच राहिला."

ते वाक्य आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं. पण आल्यावर मी ते परत घेतलं नाही. आणि खरं सांगू? ते वाक्य बाहेर पडल्यावर मला हलकं वाटलं. सदाने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "आसंल. जेवनानंतर सुस्ती आली आसंल." आणि मग — हे मला विसरता येत नाही — मग म्हणाला, "दाजी, तुमच्या पयल्याच कामाला अपशकुन केला मी. माफ करा."

त्याने माझी माफी मागितली.

कुसुमला आणि तिच्या आईला दवाखान्यात सोडून मी शेडवर परतलो. सगळ्यांना वाटलं, कुलूप लावायला गेले. मी मशीन उघडलं. चावी काढली, झिजलेलीच होती. शेजारच्या शेडमधल्या लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, नवी घडवून घेतली, बसवली, मशीन परत जोडलं. दिवेलागणीच्या आत झालं. दोन दिवस म्हणत होतो ना मी? एका संध्याकाळचं काम होतं. सकाळीच केलं असतं तर दुपारच्या भाकरीपर्यंत सदा कामाला बसला असता, आणि मालही वेळेवर गेला असता.

माल तरीही गेला. दुसऱ्या दिवशी मीच बसलो मशीनवर. ते एकदाही चुकलं नाही. साहेबाने माल बघितला, मान हलवली आणि पहिल्यांदा मला नावाने हाक मारली.

धंदा वाढला, कसा ते सांगत बसत नाही. सदाला मी ठेवून घेतलं — माल मोजायला, गाडी भरून घ्यायला. कंपनीत असता तर विमा होता, दवाखाना होता, हलकं काम मिळालं असतं. माझ्याकडे माझा चांगुलपणा होता. कुसुम माझ्या उपकाराने दबून गेली. भावावर मात्र चिडायची: "लक्षच नसतं मेल्याचं, लहानपणापासून धांदरट." सदा धांदरट कधीच नव्हता. ती म्हणायची आणि मी वर्तमानपत्र वाचायचो.

पण बोटांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं. सदाने सायकल सोडली. चिखलीहून भोसरीला शेताशेतातून चालत यायचा. मला वाटलं, ब्रेक धरता येत नसेल. एकदा त्याची मुलगी हट्टाला पेटली, सायकलवर बसव म्हणून रडली. हा बसवेना. मी म्हणालो, अरे डाव्या हाताने धरता येईल. तर म्हणाला, "हाताचं न्हाई वो दाजी. माझ्या पायाचा मला भरवसा न्हाई. माझ्याच पायानं माझा हात खाल्ला." हसत म्हणाला. पोरगी रडत घरात गेली. गुणगुणणं तर केव्हाच बंद झालं होतं.

मी तेव्हा सांगायला हवं होतं ना? तुम्हीही तेच म्हणाल. मी दरवर्षी ठरवायचो. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो, झेंडूच्या माळा घालतो. सदा त्या प्रेसला स्वतः कुंकू लावायचा, त्या दोन बोटांच्या हाताने. मग खाली वाकून पायडलला हात लावायचा आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. काय ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. तो मशीनची माफी मागायचा. मी पेढे वाटायचो.

गेल्या वर्षी मी ती प्रेस विकली. घ्यायला एक तरुण आला होता, कंपनीतली नोकरी सोडून चिखलीला स्वतःची शेड टाकलेला. डोळ्यांत तीच घाई. मशीनभोवती फिरला आणि अडखळत म्हणाला, "काका, या मशीनवर अपघात झाला होता म्हणतात. काही दोष नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत सदा पुढे आला. तुटका हात वर करून दाखवला. "ह्यो बघा. मशीन देवावानी हाय, साहेब. दोष माझ्या पायात व्हता. इचारा दाजींना, ते शेजारीच उभं व्हतं."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.

नंतरच्या रविवारी मी त्या तरुणाच्या शेडवर एकटाच गेलो. त्याला म्हणालो, क्लचची चावी दर महिन्याला उघडून बघत जा. झिजली वाटली तर त्याच क्षणी मशीन बंद कर, कितीही घाईचा माल असो. तो म्हणाला, "का हो, आधी कधी काही झालं होतं?" मी म्हणालो, जुनं मशीन आहे, एवढंच. परक्या पोरासाठी मी उन्हातून एवढा गेलो. येताना सदाच्या घरावरून आलो. तो ओट्यावर बसला होता. "दाजी, च्या घ्या की," म्हणाला. मी चहा घेतला आणि घरी आलो.

सदा त्या तरुणाला म्हणाला ते खरं होतं, मी शेजारीच उभा होतो. हेच राहिलं होतं सांगायचं. ठोका पडला तेव्हा माझी नजर त्याच्या पायावर होती. सकाळपासून मी तिथेच बघत होतो. त्याचा पाय पायडलवर नव्हता. वेळेवर उचललेला होता, नेहमीसारखा. मी पाहिला होता.