चालवून पाहिलं का?

"चालवून पाहिलं का?"

हे विचारताना काका चष्मा कपाळावर चढवायचे. समोरचा "हो" म्हणाला तर चष्मा खाली यायचा. "नाही, पण चालेल" म्हणाला तर तिथेच राहायचा, आणि तो माणूस मुकाट्याने आपल्या जागेवर परत जायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, पाहा.

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही सातजण दवाखान्यांच्या एका साखळीसाठी रुग्णनोंदणीची वेबसाइट तयार करत होतो. काम वाटून देणं माझ्याकडे होतं. काका माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे, पण सगळे काका म्हणत म्हणून मीही म्हणायचो. ते मला भाऊ म्हणत. मूळचे अमरावतीचे, आणि बोलणंही तिकडचंच राहिलेलं.

आमची साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर उभी होती, तो जगभरच्या हौशी लोकांनी फुकट लिहिलेला. त्याची माहितीची पानंही तशीच, कुणी ना कुणी घाईत लिहिलेली. फाइल या फोल्डरमध्ये आहे म्हणायचं आणि ती असायची भलतीकडेच. पाच पायऱ्या सांगायच्या आणि चौथी गाळायची. आपण अशा वेळी शिव्या देतो आणि पुढे जातो. काका थांबायचे, पान दुरुस्त करायचे आणि ती दुरुस्ती फ्रेमवर्कच्या लोकांकडे पाठवायचे.

त्यांच्या टेबलाखाली ऑफिसने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर होता. प्रत्येक दुरुस्तीआधी ते तो पूर्ण पुसायचे, फ्रेमवर्क नव्याने चढवायचे आणि पानावरचं उदाहरण हाताने टाइप करायचे. कॉपी-पेस्ट अजिबात नाही.

"नवा माणूस कोऱ्या मशीनवर येते ना भाऊ? मग आपणही कोरंच व्हायचं."

या सगळ्याला दोन तास लागत. मशीन ते जेवणाच्या सुट्टीत पुसायला लावायचे आणि काम आटोपल्यावर दुरुस्ती जायची. मला मोजायची खोड आहे. एका वर्षात मी त्यांच्या एकशे अठरा दुरुस्त्या मोजल्या. एकही परत आली नाही.

"काका, यार, यात तुमचं नाव तरी येतं का कुठे?" टीममधली सगळ्यांत लहान रेवती विचारायची.

"रस्त्यातला गोटा उचलला तर त्याच्यावर नाव लिहिते काय कोणी, बाप्पा?"

त्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा वरून कळलं की सातातले पाचच ठेवायचे आहेत. काकांचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. कंत्राट गेलं की व्हिसा जाणार होता, आणि मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष चालू होतं. काकूंनी माझ्या बायकोला फोनवर विचारलं, "पडदे धुतलेत. पुन्हा लावू की घडी करून ठेवू?" शुक्रवारी दवाखान्याची माणसं साइट पाहायला येणार होती. ती खूश झाली तर काका राहतील, असं मॅनेजरबाईंनी मला जवळजवळ सांगितलंच होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही फ्रेमवर्कची नवी आवृत्ती चढवली. माणूस काही न करता बसला तर साइटने त्याला किती वेळाने बाहेर काढायचं, त्याचं एक पान होतं. त्यावर नुसता तीस हा आकडा होता. तीस काय, ते नव्हतं. काकांनी मशीन पुसायला घेतलं.

मी घड्याळ पाहिलं. अजून अकरा कामं राहिली होती.

"काका, तुम्हाला तोंडपाठ आहे ते. मिनिटं लिहा आणि पाठवून द्या."

"चालवून पाहिलं नाही भाऊ."

"दोन तास नाहीयेत आज आपल्याकडे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडे पाहिलं. मग खाली घेतला आणि पाठवून दिलं. तासाभरात पान बदललं. रेवतीने ते पाहून आमच्या साइटमध्ये तीस भरले. आम्ही तपासलंही. पण चाचणीसाठी आमचा एकच ठरलेला रुग्ण होता, नाव, पत्ता, आजार सगळ्यांना पाठ. वीस सेकंदांत त्याचा फॉर्म भरून व्हायचा.

शुक्रवारी दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या बाई फॉर्म भरायला बसल्या. पहिल्याच रकान्यावर थांबून शेजारणीशी अर्धा मिनिट बोलल्या, आणि साइटने त्यांना बाहेर काढलं. पुन्हा आत आल्या, पुन्हा बाहेर. चौथ्या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवले. नव्या आवृत्तीत मिनिटांचे सेकंद झाले होते.

पाहुणे गेल्यावर मॅनेजरबाई उभ्याच राहिल्या. "हा आकडा कुणी टाकला?"

रेवतीने हात अर्धवट वर केला. "मी. पण पानावर मिनिटं लिहिलंय."

"म्हणजे पान चुकीचं आहे."

मी टेबलाखाली काकांच्या पायाला पाय लावला. पान कुणी बदललं हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बाहेरच्या कुण्या हौशी माणसाच्या माथी ते आपोआप जात होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

काकांनी पाय बाजूला घेतला.

"ते पान मी दुरुस्त केलं. चालवून पाहिलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घाई मी केली होती, हे तेव्हा सांगता आलं असतं. चार शब्द लागले असते. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

सोमवारी दोन नावं जाहीर झाली. पहिलं काकांचं.

शेवटच्या दिवशी निरोपाचा केक कापायच्या आधी काकांनी मशीन पुसलं. दोन तास. उदाहरण टाइप केलं, तीस सेकंद हातातल्या घड्याळावर मोजले आणि दुरुस्ती पाठवली. मग वायर गुंडाळून मशीन माझ्या टेबलाखाली सरकवलं.

"कोरंच आहे भाऊ. वापरा."

मला त्यांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. अमरावतीला पोहोचल्यावर फोन आला, तोही मुलीला कॉलेज मिळालं हे सांगायला.

ते पान मी अजून अधूनमधून उघडतो. आकडा बरोबर आहे. खाली बदलाचं कारण द्यायची जागा असते, तिथे काकांनी इंग्रजीत एकच ओळ लिहिली आहे: आधीची चूक सर्वस्वी माझी, आता चालवून पाहिलं.

त्या ओळीतला एक शब्द चुकीचा आहे. तो तपासायला मशीन पुसावं लागत नाही. ती दुरुस्ती मी अजून पाठवलेली नाही.