न विचारता मिळणारं मलम

घणसोली गावात माझ्या भाड्याच्या खोलीखाली ज्याचं मेडिकल आहे, त्याच्याइतका गोड बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्या गोडपणाचाच मला संशय यायचा.

जांघेतली खाज लिंगाच्या कातडीपर्यंत पोचली, तेव्हा मी लाजत त्याच्याकडे गेलो आणि 'खाज' एवढंच पुटपुटलो. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत तो दुसरीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "समजला भाऊ. टेन्शन नको." कुठे, कधीपासून, काहीच विचारलं नाही. एक ट्यूब कागदात गुंडाळून हातात ठेवली.

खाज लगेच थांबली. पण ट्यूब संपली की ती दुप्पट जोरानं यायची. कातडी लाल आणि पातळ झाली. तो मात्र दर वेळी तसाच हसून ट्यूब द्यायचा.

एका सकाळी त्याचा मेहुणा काउंटरपाशी हीच तक्रार सांगत होता. मी मागे उभा आहे, हे दोघांनाही कळलं नव्हतं.

"ही ट्यूब नको लावू," तो मेहुण्याला दटावत होता. "यात स्टिरॉइड हाय, कातडी खराब व्हते. आधी डॉक्टरला दाखव."

मग मी दिसलो. त्याचा हात सवयीनं ड्रॉवरकडे गेला. "या भाऊ. तुमचीच ना?"

"नको. यांना पाठवताय तो डॉक्टर मलाही सांगा."

त्यानं पत्ता सांगितला, माझ्याकडे न बघता.

डॉक्टर म्हणाले, बुरशीचा संसर्ग आहे, या ट्यूबनं वाढलाय. योग्य औषधानं मी हळूहळू बरा झालो. आता डोकेदुखीची गोळीसुद्धा मी लांबच्या दुकानातून आणतो.