अटकेतल्या जहाजावरचा पहारा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे असेल, तर आमच्या गावच्या हायस्कूलच्या हेडमास्तरांचे. त्यांच्यामुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो. मुंबईत कोर्टात कारकून लागल्यावर वकिलीच्या परीक्षेची फीही त्यांनीच भरली.

त्या परीक्षेच्या आठवड्यातच मला एका मालवाहू जहाजावर पाठवले. मालकाने पगार थकवले म्हणून खलाशी कोर्टात गेले होते आणि कोर्टाने जहाजालाच अटक केली होती. आमच्या बेलिफाने हुकूम डोलकाठीला चिकटवला, मला पहाऱ्याला ठेवले आणि तो लाँचने परत गेला. बदली माणूस आल्याशिवाय पहारेकऱ्याने जहाज सोडायचे नाही, अशी रीत. माझा बदली लालबागला राहायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात तिकडे संचारबंदी लागली आणि तो आलाच नाही.

डेकवरून परळच्या गिरण्यांची धुराडी दिसत. माझी पुस्तके तिथेच पलीकडे, नायगावच्या खोलीत. मी नुसत्या येरझाऱ्या घालायचो. खलाशांचा म्होरक्या, मालवणचा म्हातारा सारंग, हसायचा. "अटक जहाजाक, आणि जेलात तुमी! जेवा आधी."

परीक्षेच्या सकाळी मालकाचा एजंट लाँच घेऊन आला.

"पेपर आहे ना आज? फोर्टात सगळं सुरळीत आहे. चला, संध्याकाळी परत आणून सोडतो."

मी चपला घातल्या, शिडीवर एक पाय टाकला. खाली लाँचमध्ये वळकट्या घेऊन काही अनोळखी माणसे बसली होती.

"हे कोण?" मी मागे वळून सारंगाला विचारले.

"आमच्या जाग्यार इलेले खलाशी. तुमी उतारलात की नांगर उचालतले. मगे पगार आमी कोणाकडे मागूचो?"

त्याने मला थांबा म्हटले नाही. मी पाय मागे घेतला.

"अहो, वर्ष जाईल तुमचं!" एजंट खालून ओरडला. लाँच बराच वेळ शिडीपाशी उभी होती. मी डोलकाठीला टेकून बसलो, तिच्याकडे पाठ करून.

दुपारी पाणी घेऊन आलेल्या होडीवाल्याकडे पत्र दिले:

"तीर्थस्वरूप गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार.

परीक्षेला बसलो नाही. आजारी नव्हतो. संचारबंदीचेही कारण सांगत नाही, न्यायला लाँच आली होती. मी उतरलो असतो तर जहाज निघून गेले असते आणि खलाशांचा पगार बुडाला असता. आपण भरलेली फी वाया गेली, ती पगारातून थोडी थोडी पाठवीन. कृपया नको म्हणू नये. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. जहाज अजून इथेच आहे. माझा बदली माणूस आलेला नाही.

आपला विद्यार्थी"