सकाळचं पहिलं काम

आमचा भावेश बोलण्यात महाकंजूष. भाजी कशी झालीय विचारलं तर म्हणणार, "ठीक." मी कामोठ्यात शिकवण्या घेते, दिवसभर बडबडून घसा सुकतो, आणि नवरा मिळाला हा असा.

त्याच्या ऑफिसात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पूर्वी कोणाचं काम कोणाकडे अडकलंय याचा पत्ताच नसायचा, सगळे एकमेकांच्या नावाने शंख करायचे. भावेशने त्यावर एक टूल बनवलं. चित्र नाही, बटण नाही. काळ्या स्क्रीनवर एक शब्द टाइप केला की सगळी रांग समोर येते: कोणाचं काम, कोण तपासणार, पास की परत. त्याच्या वरिष्ठ अरुंधती मॅडम सहसा कोणाला बरं म्हणत नाहीत, त्याही खूश झाल्या.

पण या शहाण्याने रांगेत गुपचूप एक नियम घातला. सकाळचं पहिलं काम छोटं असेल तर न तपासताच पास. का? तर माझ्या सासूबाई पनवेलच्या मार्केटात मासे विकतात. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भाव पाडावा लागला तरी चालेल, पण ते रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. हे बाळकडू प्यायलेला गडी! आणि ऑफिसात मात्र सांगायचा, "आईचा छोटा बिझनेस आहे." मला याचा भयंकर राग यायचा.

व्हायचं तेच झालं. डॉक्टरांच्या वेळा ठरवून देणारं त्यांचं ॲप आहे. चिरनेरची निशा तिथे नवी, अजून पक्की झाली नव्हती. एका सकाळी तिचं छोटंसं काम पहिलं आलं, पास झालं, आणि झाडून सगळ्या पेशंटना दहाचीच वेळ गेली. दवाखान्यांत ही झुंबड. तपासलं कोणी, याची नोंदच नव्हती. सगळ्यांना वाटलं, पोरीने परस्पर पुढे ढकललं. मॅडमनी तिला दुसरी नोकरी बघायला सांगितलं.

संध्याकाळी भावेश ताटावर नुसता बसून. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला.

"मग उद्या सांगून टाक," मी म्हटलं.

"असा नियम का घातला, विचारतील."

"सांग की मग. आईने मासे विकून शिकवलं तुला, चोऱ्या करून नाही."

तो जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशीचं निशाने मला सांगितलं. मीटिंगमध्ये हा उभा राहिला, घामाघूम. "चूक निशाची नाही. माझ्या टूलने तपासणीच वगळली."

"असला नियम कोणी घालतं का?" मॅडम कडाडल्या.

"माझी आई मासे विकते, मॅडम. आमच्यात भवानीला परत पाठवत नाहीत."

कोणी हसलं नाही. मॅडमनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि टूल काढून त्याच्याच टीममधल्या केतनच्या हातात दिलं. निशा राहिली.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "येडा हाय काय तू? भवानीला नाय म्हनायचा नाय, पन म्हनून न बगता मावरा द्याचा? आदी कल्ले बगाचे, मंग द्याचा."

रविवारी आम्ही दोघं सासूबाईंच्या मदतीला मार्केटात होतो. एरवी कोणी ओळखीचं दिसलं की भावेश बर्फ आणायच्या निमित्ताने सटकायचा. पाटी उघडते न उघडते तोच समोर मासे घ्यायला पिशवी घेऊन आलेली निशा, आणि तिच्यामागे अरुंधती मॅडम. मी त्याच्याकडे बघितलं. तो उठला, आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, ही माझी आई."

सासूबाई ओले हात पदराला पुसत राहिल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी कल्ले उघडून दाखवत सगळ्यांत मोठं पापलेट निशाच्या पिशवीत घातलं, आणि भवानीचे पैसे घ्यायचे असतात हेच त्या विसरल्या.